फरक शून्य

साहेबांनी तिच्या खुर्चीमागे येऊन हळूच सांगितलं, तपासनीस चहा घेतायत, तेवढ्यात नोंदी थांबव. दहा मिनिटं फोनवरच्या मुलींना फोन कागदावर लिहून घेऊ देत, दरवर्षीसारखं. तिने मान वर केली नाही आणि काही थांबवलंही नाही.

रुग्णवाहिका पाठवणारं केंद्र होतं ते. फोन आला की पत्ता, आजार, मजला अशी नोंद मुख्य मशीनवर व्हायची आणि तिची नक्कल शेजारच्या खोलीतल्या राखीव मशीनकडे, स्टँडबायकडे जायची, म्हणजे उद्या मुख्य मशीनने मान टाकलीच तर काम अडायला नको. जाण्याआधी नोंद घटकाभर मेमरीतल्या बफरमध्ये थांबायची. पण तो बफर होता एवढासा. गर्दीच्या वेळी नक्कल उचलली जायच्या आत तो भरून जायचा, आणि मग तीच नोंद डिस्कवरून शोधून काढत बसायचं. ओट्यावर जागा नाही म्हणून वाढलेलं ताट कपाटात ठेवायचं आणि मग कपाट उघडत बसायचं, तसला प्रकार. तोवर स्टँडबाय मागे पडायचा.

बफर वाढवायला मेमरी होती. नुसती पडून होती. फक्त एकदा मशीन चार मिनिटं बंद करून पुन्हा चालू करावं लागणार होतं. तिने चार अर्ज दिले. ऑफिसने तिचं नाव मेमरीबाई ठेवलं आणि साहेबांनी चारही अर्ज दाबून ठेवले. का, तर वर्षभरात मशीन एक मिनिटही बंद नाही, असं वर कळवून त्यांना बढती घ्यायची होती. डोंबलाची बढती! आज तपासनिसाच्या कागदावर दोन मशीनमधल्या फरकाचा खरा आकडा पडला तरच बफर वाढणार होता. नाहीतर आणखी एक वर्ष सगळं देवाच्या भरवशावर.

तपासनीस रुमालाने तोंड पुसत आला. तिने दोन्ही मशीनवरच्या आजच्या नोंदी समोर धरल्या. मुख्य मशीनवर एक हजार दोनशे सोळा, स्टँडबायवर एक हजार एकशे सत्त्याऐंशी.

साहेबांनी लगेच सारवासारव सुरू केली. आज फोन जरा जास्त आहेत, आमच्या मेमरीबाईंना राईचा पर्वत करायची सवयच आहे, वगैरे. तपासनिसाने मागच्या वर्षीचा फॉर्म काढला. तिथे फरक शून्य होता. तिने सरळ सांगून टाकलं की मागच्या वर्षी आम्ही नोंदी थांबवून स्टँडबाय गाठेपर्यंत वाट बघितली होती, आणि मशीन खरंच बंद पडेल तेव्हा ते काही आधी कळवून पडणार नाही.

आता हा साहेबांना धारेवर धरेल, असं तिला वाटलं. त्याने घड्याळ बघितलं.

"मग यंदाही थांबवा ना," तो म्हणाला. "माझा फॉर्म कशाला खराब करताय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांच्या नावाने ती वर्षभर बोटं मोडत आली होती, आणि हा तर त्यांच्याहून वस्ताद निघाला. साहेबांच्या जिवात जीव आला. ऐकलंस ना, थांबव आता, असं ते अगदी लाडात येऊन म्हणाले.

तिने काहीतरी टाइप केलं. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. उठून तिने दोन कागद आणले आणि तपासनिसाच्या फॉर्मवर ठेवले. मुख्य मशीनवर असलेले आणि स्टँडबायला अजून न पोचलेले फोन होते ते, एकाखाली एक.

"शून्य हवाय ना तुम्हाला?" तिचा आवाज चढला नव्हता, तरी फोनवरच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मग नोंदी कशाला थांबवायच्या? यातली एकेक ओळ तुमच्या हाताने खोडा. एकोणतीस खोडल्या की शून्य."

साहेबांनी तिला नोकरीची आठवण करून दिली. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि तपासनिसाच्या हातात दिलं. त्यानेही सवयीने ते पहिल्या ओळीवर नेलं.

"बाळंतपणाच्या कळा, पाचवा मजला, लिफ्ट बंद," ती म्हणाली. "खोडा."