आधी भिजवून बघ

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमच्यासमोर टेबलावर पांढऱ्या कापडाचा एक चौकोन आहे, इस्त्रीने अजून गरम. सकाळी कापला तेव्हा तो दोन्ही बाजूंनी बरोबर दहा इंच होता. मग तासभर पाण्यात बुडवून ठेवला, उन्हात वाळवला. आता तुम्ही त्यावर टेप धरता. किती भरेल?

कपडे शिवणाऱ्या बाईंच्या मुलीने टेप धरला. साडेनऊ.

"आई, आटलं गं!"

मुलीला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, आणि कधी टोचेल याचा नेम नाही. हे भिजवून मोजण्याचं काम तिच्याकडे असायचं. दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी आई नव्या कापडाला कात्री लावायच्या आधी त्याचा एक तुकडा भिजवून बघायचीच. "दुकानदाराची जीभ आटत नाही, कापड आटतं," असं ती म्हणायची.

पण आज आईने मान वर केली नाही. ती कटिंगच्या टेबलाशी मामासमोर बसली होती. दोघांच्या मध्ये पैसे गुंतवायचा एक फॉर्म होता आणि एक जाडजूड पाकीट. पाकिटात चार वर्षांची बचत होती. तिच्यातून कपड्यांच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक मशीन यायचं होतं. मशीन आलं, तरच शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळणार होतं.

"सही कर, ताई," मामा म्हणाला. तो नळदुरुस्तीची कामं करायचा. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "एक मशीन काय घेऊन बसलीस? दोन वर्षांत दोन येतील, तीही नुसत्या व्याजातून. मुद्दलाला हात लावायचा नाही."

"बुडणार नाहीत ना रे?"

"आठ महिने मी व्याज घेतोय की! एक तारीख आली की मोबाईल वाजलाच. तुझा भाऊ तुला खड्ड्यात घालेल का?"

मुद्दाम नसतं घातलं. मामा लबाड नव्हता, एवढं लक्षात ठेवा. आईलाही ते ठाऊक होतं, म्हणून तिने पेनाचं टोपण काढलं.

"मामा," टाचणी म्हणाली, "तू भिजवून बघितलंस का?"

"काय भिजवून?"

"पैसे. तू त्यांना दिलेले. परत काढून कधी मोजलेस का?"

"अगं टाचणे, दर महिन्याला येतात ना!"

"ते व्याज झालं. मी तू दिलेल्या पैशांचं विचारतेय. तेवढेच्या तेवढे परत येतात का?"

मामा खो खो हसला. "ताई, घरात वकील पाळलायस की काय! हे बघ, इथे लिहिलंय. 'रक्कम केव्हाही परत मिळेल.' थांब, तुझ्यासमोरच विचारतो."

त्याने पैसे गोळा करणाऱ्या साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"साहेब, नमस्कार. माझे पैसे जरा काढायचे होते. सगळे."

पलीकडून आवाज आला, अगदी गोड. "काढा की! तुमचेच आहेत. आज तुमच्या ताईंचे जमा होतायत ना? ते आले की त्यातनंच तुमचे देऊन टाकतो."

"आभारी आहे, साहेब!" मामाने फोन बंद केला आणि ऐटीत बहिणीकडे वळला. "बघितलंस? म्हटलं नव्हतं, ताई, की..."

साहेबांचं 'त्यातनंच' त्याला आता कुठे ऐकू आलं.

तिघंही पाकिटाकडे बघत होते. पंख्याच्या वाऱ्याने फॉर्मचा कोपरा फडफडत होता. पाकीट गेलं असतं, तर मामाचे पैसे सुटले असते. नुसतं गप्प बसायचं होतं. टाचणीला आईच्या बोटांतलं पेन दिसत होतं आणि मामाच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

मामाने एका बोटाने पाकीट बहिणीकडे सरकवलं, चटका बसावा तसं.

"उचल ते, ताई."

आईने पाकीट खणात ठेवलं आणि खण लावला. "कापडाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही," ती हळूच म्हणाली. "आणि पैशांच्या बाबतीत नुसता तुझा चेहरा बघून टोपण काढलं."

टाचणीचं मात्र अजून संपलं नव्हतं. ती भुवया आकसून विचार करत होती.

"मामा, मग आठ महिने तुला जे मिळत होते, ते कुणाच्या ताईचे होते?"

मामाने कपाळ पुसलं. ज्या ज्या घरी नळ दुरुस्त करायला गेला, तिथे तिथे त्याने फॉर्मही दिला होता. मोठ्या मनाने. आपलं भलं झालं तसं सगळ्यांचं व्हावं म्हणून.

टाचणीने फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. आईच्या हातातलं पेन घेऊन तिने मामाच्या हातात दिलं.

"तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांची नावं लिही."

"लिही," आई म्हणाली. "आधी त्यांना गाठू. मग सगळे मिळून तक्रार करायला जाऊ."

पहिलं नाव लिहायला मामाला फार वेळ लागला. दुसरं जरा लवकर आलं. तिसरं लिहून त्याने मान वर केली, तेव्हा टाचणी चपला घालून दारात उभी होती. एका हातात टेप होता आणि दुसऱ्या हातात तो साडेनऊ इंचांचा चौकोन, लोकांना दाखवायला.