पाटीवरच्या मुली

दुकानाचं नाव ‘सुतार & मुली’. दुकानांची यादी देणाऱ्या आमच्या वेबसाइटवर त्यांची लिंक उघडली, की नुसतंच ‘सुतार’ दिसायचं. वेबपत्त्यात & हे चिन्ह आलं, की पुढचं सगळं कापलं जातं. “पत्त्यात घालण्याआधी नाव एन्कोड करू, म्हणजे त्या चिन्हाऐवजी त्याचा कोड जाईल; एका ओळीचं काम आहे,” मी मॅनेजरना दोनदा सांगितलं. “त्यापेक्षा त्यांनाच नाव बदलू दे,” म्हणत मॅनेजरनी परस्पर सुतारकाकांना फोनही केला. म्हणजे आमच्या आळसापायी बापानं पोरी वगळायच्या! आज काका दुकानाची लाकडी पाटी खांद्यावर घेऊन आले, मागे दोघी मुली. काकांनी ती मॅनेजरच्या टेबलावर आडवी ठेवली, शेजारी करवत. “अक्षरं पोरींनी कोरलीत, साहेब. कापायचंय तर तुम्हीच कापा.” मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. मी ती ओळ लिहिली. पूर्ण नाव आलं. “झालं! उचला करवत,” मॅनेजर म्हणाले. “राहू दे,” धाकटी म्हणाली, “पुन्हा लागेल तुम्हाला.”