फेलिसिदादबाईंची नोंद

फिलिपिन्समधल्या इलोइलो बंदराच्या धक्क्याजवळच्या आमच्या दवाखान्यात मी जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये हलवत होते. नोंदणीच्या खिडकीवरचा जुना प्रोग्रॅम मात्र नव्या डेटाबेसला जोडून चालू ठेवायचा होता, कारण तिथे बसणाऱ्या मनांग पुरिताला, म्हणजे आमच्या पुरिताताईला, दुसरा जमत नव्हता.

एकच नोंद अडली. फेलिसिदादबाई तीस वर्षांत आल्या नव्हत्या. त्या जिवंत की मृत, हा रकाना कोरा होता, आणि नवा डेटाबेस कोरा रकाना घेईना. मला जेवायला जायचं होतं. चौकशी न करता मी 'मृत' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मनांग म्हणाली, "जोव्हेलिन, या बाईंचं आजचं वजन कुणी लिहिलं गं? मी तर तपासलं नाही."

जुन्या पडद्यावर एकेचाळीस किलो होतं. नव्या डेटाबेसमध्ये ती ओळच नव्हती.

"जुना प्रोग्रॅम गडबडला असेल," मी मान खाली घालून म्हटलं.

पुढच्या दिवशी एकोणचाळीस. मग साडेअडतीस.

शुक्रवारी मला राहवेना. "मनांग, त्यांना मीच मेलेलं दाखवलंय."

ती रागावली नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. "मग बदल की आता."

मी 'जिवंत' लिहिलं. मनांगने आपल्या जुन्या पडद्यावर नोंद उघडली. आजचं वजन नव्हतं. खाली मी कधीच न पाहिलेला रकाना होता: मृत्यू कोणी कळवला. त्यापुढे माझं पूर्ण नाव होतं, आमच्याकडे मधे लावतात त्या आईच्या माहेरच्या आडनावासकट.

"नातं, मुलगी," मनांगने हळूच वाचलं. "तुझ्या आईला फोन लाव. ती गावी एकटीच असते ना गं?"