रिकामी डोई

"मान खाली घाल, झुंबरबाई," आकाराम पाळक दुसऱ्यांदा म्हणाले.

झुंबरबाई पाण्यानं भरलेल्या पितळी भांड्यासमोर गुडघे टेकून बसली होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मान मात्र ताठ.

मागं सतरंजीवर बायकांत कुजबुज सुरू झाली. तानाबाई सगळ्यांत पुढं होती. तिचा उभा जन्म याच चर्चच्या घंटेखाली गेलेला. झुंबरबाईच्या लेकीला, शालूला, तिनं मांडीवर घेतलं होतं.

"वाक की गं बये," ती म्हणाली. "पाणीच घालत्यात. मुंडकं न्हाय तोडत."

कुणीतरी फिसकन हसलं.

पाळकांनी आवाज उतरवला. "पावसाळाभर बाप्तिस्म्याच्या वर्गात आपण काय शिकलो? ताठ मान म्हणजे गर्व. तो टाकल्याशिवाय नवा जन्म नाही."

"गर्व न्हाय, सायेब. वर आई हाय."

"कोण आई?"

"यल्लम्मा. जोगतीण मी. उभी हयात डोईवर तिचा जग वाह्यला. वाकलं की आई पडती. मान इसरतच न्हाय."

जग तिनं स्वतःच पंचगंगेत सोडला होता. वेताची टोपली, आत देवीचा मुखवटा. पाण्यावर एकदा गरकन फिरली आणि गेली. त्या दिवसापासून डोई हलकी व्हायची, ती जड होत चालली. भाकरी थापताना, हापशावर घागर भरताना, चुंबळीखाली दबावेत तसे केस दबत. कुणी हाक मारली तर झुंबरबाई मान वळवत नसे, अख्खी वळे.

"तिथं काही नाही," पाळक हळू म्हणाले. "तूच सोडलास ना?"

"व्हय. मीच सोडला." तिनं डोळे उघडले. ते शालूच्या उघड्या गळ्यावर जाऊन थांबले. "मला देवीला वाह्यलं, गळ्यात तिचं मोती बांधलं, तवा मी एवढीच हुती. हिच्या गळ्यात नगं म्हणून हितं आलोय, सायेब. आन आता वाकलो, आई पडली, तर कोप हिच्यावरच की."

पाळकांच्या ओल्या बोटांवरून पाणी टपटपत राहिलं.

मग झुंबरबाईनं जोडलेले हात सोडले. उजव्या हाताला सतरंजीची एक सुरकुती होती, ती तळव्यानं सारखी केली. दोन्ही हात डोईच्या वर नेले, तिथल्या हवेला दोन्हीकडून धरलं आणि उचललं. कोपर थरथरले. गळ्याच्या शिरा तटतटल्या. सावकाश, सांडू न देता, तिनं ते खाली आणलं, सतरंजीवर टेकवलं. जरासं फिरवून तोंड पाण्याकडं केलं.

आणि ती वाकली.

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी पडलं. भांगातून मानेवर, मानेवरून पाठीत उतरलं. पेटी वाजू लागली. बायकांनी गाणं धरलं.

शालू मांडीवरून उडी मारून आईकडं धावली. तानाबाईनं झटकन तिचा फ्रॉक धरला.

"तिथनं नगं गं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कडंनं जा."