काचेच्या पेटीतलं बाळ

चार वाजता प्राध्यापक ललित देवरे यांचा कॉलेजात सत्कार होता. पेठकडच्या एका गुहेत त्यांना तान्ह्या बाळाची हाडं सापडली होती, उशाशी गारगोटीचं धारदार पातं. हजारो वर्षांपूर्वीची माणसं बाळासोबत हत्यार पुरत, असं त्यांनी छापून आणलं होतं.

साडेतीनला त्या गुहेजवळच्या पाड्यावरची नवसाबाई त्यांच्या खोलीत आली. हातात पेपरातला फोटो होता.

"सायेब, हे माझं बाळ हाय."

सर हसले. "बाई, फार जुनी हाडं आहेत ही. ते दगडाचं पातं पाहिलंत ना?"

"ते मीच ठेवलं. बाळाच्या उशाला लोखंड लागतं, विळा घरी राहिला. गुहेत तसली पाती लय पडल्यात, एक उचललं." ती टेबलावरच्या काचेच्या पेटीतल्या हाडांकडे बघत बोलत होती. "पाऊस व्हता म्हणून गुहेत पुरलं. निळ्या लुगड्यात गुंडाळून. बारा वर्सं झाली."

सरांचं हसू गेलं. खोदताना निळा धागा सापडला होता. उंदरांनी ओढून आणला असेल, असं म्हणत त्यांनी तो फेकून दिला होता. वहीत नोंदही केली नव्हती. का केली नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शिपाई कारभारी दारात आला. "सर, पाहुणे आलेत. हार तयार आहेत."

"परत पाठव त्यांना," सर म्हणाले. कारभारी घुटमळला, मग गेला.

त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. नवसाबाईनं पदर पसरला. सर एकेक हाड उचलून त्यात ठेवू लागले. प्रत्येक हाडावर त्यांच्याच अक्षरात काळ्या शाईनं बारीक लिहिलेलं होतं : गुहा दोन, सात. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुमाल ओला करून ते घासू लागले. वर लाखेचा हात दिलेला, शाई हलेना.

"ऱ्हाऊ द्या सायेब," नवसाबाई म्हणाली. "नवव्या दिशी गेलं. बारसं झालंच नाय त्याचं."

मग एक हाड तिनं त्यांच्यासमोर धरलं.

"मला वाचता येत नाय. काय नाव लिवलंय?"