कानाचं मशीन

मालविकाने क्रोसीन घेतली, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, शेवटी बँडेजची पट्टीही घेतली. दुखतखुपत तिचं काहीच नव्हतं.

"बीजुं कंई? अजून काही?" काउंटरमागच्या नीराबेनने विचारलं.

हवं होतं तेवढंच नेमकं तोंडातून निघेना. रावपुऱ्यातलं ओळखीचं मेडिकल टाळून पोरगी मुद्दाम स्कूटीने प्रतापनगरला आली, तर तिच्या मागोमाग दुकानाची पायरी कोणी चढावी? भास्करकाकांनी. बाबांचे मित्र, रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, दर रविवारी घरी चहाला हजर. टीव्हीवर त्या गोळीची जाहिरात लागली की बाबा लगबगीने चॅनेल बदलत. त्यामुळे मालविकाला गोळीचं नाव तेवढं ठाऊक होतं. ती कधी घ्यायची, आता घेऊन चालेल का, हे आजच विचारायला हवं होतं. उशीर झाला तर?

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या बँडेजकडे. मग कानातलं मशीन काढून काचेवर ठेवलं.

"नीराबेन, याचा सेल बघा जरा. सावकाश बघा. हे काढलं की मी ठार बहिरा. जन्मभर हातोडे ऐकलेत ना." आणि रस्त्याकडे तोंड करून ते बाकावर बसले.

त्या मेल्या सेलचे मनोमन आभार मानत मालविकाने एका दमात सगळं विचारून टाकलं.

नीराबेन हसली नाही, रागावलीही नाही. "कालचंच ना? मग वेळ गेलेली नाही. पण जितक्या लवकर घेशील तितकं बरं. कुणाकुणाला मळमळतं, तेव्हा आधी काहीतरी खा. पाळी आठवडाभर लांबली तर डॉक्टरकडे जा. आणि बेटा, ही अडीनडीची गोळी आहे. पुढचं दोघांनी आधीच ठरवा."

पाकीट पर्समध्ये गेलं तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. नीराबेनचे हात घट्ट धरावेत असं तिला वाटलं.

पायरीकडे वळताना तिने काकांच्या पाठीकडे बघितलं आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "थँक्यू, काका." मशीन अजून काचेवरच होतं.

"असू दे गं," भास्करकाका रस्त्याकडे बघतच म्हणाले. "आधी काहीतरी खाऊन घे मात्र."