सहा नळ्या

विनिपेगची लॉर्ना फ्रीसन संगणकाचा प्रोसेसर थंड ठेवणारे कूलर तपासायची आणि इंटरनेटवर खरंखोटं सांगायची. तिच्या शब्दावर माणसं डोळे मिटून खरेदी करायची. नुकताच दुकानांत आलेला एक कूलर, तो बनवणाऱ्या कंपनीतल्या कर्टिसने तिच्याकडे तपासायला पाठवला.

खोका उघडताच डिंकाचा उग्र दर्प आला. पत्र्यांच्या कडा इतक्या ओबडधोबड होत्या की तिचा अंगठा कापला. स्क्रू आवळायला गेली, तर त्याचं डोकंच झिजलं. एवढं करून बसवला, तरी प्रोसेसर भट्टीसारखा तापला. शेवटी वैतागून तिने तो कूलर करवतीने उभा चिरला. उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या सहा नळ्यांपैकी दोन नळ्या नव्हत्याच. तांब्याचा रंग फासलेल्या नुसत्या काड्या होत्या त्या, बुडापर्यंतही न पोचलेल्या. तिला शिसारी आली.

"जाऊ दे गं," तिचा नवरा ड्वेन म्हणाला. "उगाच बोललीस तर पुन्हा काही पाठवणार नाहीत."

"नकोच पाठवू देत! हे घरात ठेवायचीसुद्धा किळस येतेय मला."

तिने तिथल्या तिथे कर्टिसला फोन लावला. "लाज कशी वाटली नाही रे तुम्हाला? सहातल्या दोन नळ्या खोट्या?"

कर्टिस चांगलाच गडबडला.


"असं कसं होईल, लॉर्ना? तुझा कूलर तर आम्ही मुद्दाम वेगळा, चांगला बनवून घेतला होता!"